अंड्याचा रिकामा तुकडा

घोड्याच्या आतड्यात राहणारा एक जंत आहे. माणसाच्या पोटातल्या जंताचाच तो भाऊबंद, आकाराने थोडा मोठा. त्याचे कोणाला कौतुक असण्याचे कारण नाही. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातले प्राणिशास्त्रज्ञ तो मिळेल तिथून जमवत असत. कारण साधे होते. या जंताच्या बीजांडात गुणसूत्रे मोजून चार असतात, एका प्रकारात तर दोनच. माणसाच्या पेशीत ती ४६ असतात, आणि ही गणती नक्की व्हायला १९५६ साल उजाडावे लागले. चार गुणसूत्रे मात्र त्या काळच्या सूक्ष्मदर्शकाखालीही एकेक ओळखता येत, त्यांचा माग ठेवता येई. हा माग ज्यांनी सर्वांत चिकाटीने ठेवला ते जर्मन शास्त्रज्ञ म्हणजे थिओडोर बोव्हेरी.

त्यांचा जन्म १२ ऑक्टोबर १८६२ रोजी बव्हेरियातल्या बाम्बर्ग गावी झाला. वडील डॉक्टर. भाऊ वॉल्टर इंजिनिअर झाला आणि १८९१मध्ये त्याने स्वित्झर्लंडमध्ये भागीदारीत विजेच्या यंत्रांची कंपनी काढली. आजच्या एबीबी कंपनीच्या नावातला शेवटचा बी तो बोव्हेरींचाच. नाशिकमध्येही या कंपनीचा कारखाना आहे. थिओडोर यांचा ओढा मात्र चित्रकला आणि संगीताकडे होता. म्युनिकच्या विद्यापीठात ते गेले तेही आधी इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकायला. तिथून शरीररचनाशास्त्राकडे वळले, १८८५मध्ये मज्जातंतूंवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली आणि मग एका शिष्यवृत्तीच्या आधाराने रिशार्ड हेर्टविग यांच्या प्रयोगशाळेत पेशी पाहत बसले. चित्रकाराची नजर इथे कामाला आली. त्यांच्या निबंधांतल्या आकृत्या आजही पाठ्यपुस्तकांत छापल्या जातात.

जंताच्या अंड्यांवरचे त्यांचे काम साधारण १८८७ ते १८९०मधले. एका पेशीच्या दोन होताना गुणसूत्रे दिसतात, मग विरघळल्यासारखी नाहीशी होतात, पुढच्या विभाजनाच्या वेळी पुन्हा दिसतात. ती दर वेळी नव्याने घडतात की तीच परत येतात, हा तेव्हाचा वादाचा मुद्दा होता. बोव्हेरींनी दाखवले की एखाद्या पेशीत गुणसूत्रांची टोके ज्या जागी नाहीशी झाली, त्याच जागी ती परत उगवतात. एखाद्या अंड्यात चुकून जादा गुणसूत्र आले तर त्या वंशातल्या पेशींत ते जादाच राहते. गुणसूत्र म्हणजे टिकून राहणारी स्वतंत्र वस्तू आहे, हा विचार इथे पक्का झाला. विभाजनाच्या वेळी पेशीच्या दोन टोकांशी बसणाऱ्या ठिपक्याला सेंट्रोसोम हे नावही त्यांनीच दिले.

याच जंताने त्यांना आणखी एक विचित्र गोष्ट दाखवली. अंड्याच्या पहिल्या काही विभाजनांत काही पेशी आपल्या गुणसूत्रांची टोके चक्क टाकून देतात. टाकलेले तुकडे पेशीद्रवात इतस्ततः पडतात आणि विरून जातात. पुढे बीज तयार करणारी एकच पेशीवळ गुणसूत्रे अखंड राखते. बाकी शरीर काटछाट केलेल्या गुणसूत्रांवर चालते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला या पेशी मरायला टेकलेल्या किंवा रंग चढवताना बिघडलेल्या वाटाव्यात, आणि तशा त्या बाजूला काढून टाकल्या असत्या तर शोधही केरात गेला असता. बोव्हेरींनी त्या काढल्या नाहीत. शेकडो अंड्यांत, प्रत्येक वेळी, ठरलेल्या टप्प्यावर, ठरलेल्याच पेशींत हे घडते का, एवढे त्यांनी तपासले. बिघाड असा शिस्तीत होत नसतो.

उलट प्रकारची चूक मात्र त्यांच्या हातून व्हायची होती आणि ती व्हायची होती नेपल्समध्ये.

इटलीतल्या नेपल्सच्या समुद्रकिनाऱ्यावर आंतोन डोर्न या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८७२मध्ये प्राणिशास्त्रीय केंद्र उभारायला घेतले. देशोदेशीच्या विद्यापीठांनी तिथे कामाचे टेबल भाड्याने घ्यायचे, केंद्राने रोज ताजे समुद्री प्राणी पुरवायचे, अशी ती व्यवस्था. बोव्हेरी तिथे पहिल्यांदा १८८८च्या सुमारास गेले आणि नंतर आयुष्यभर जात राहिले. तिथे त्यांना सी-अर्चिन भेटला. समुद्रतळाशी राहणारा, काटेरी चेंडूसारखा हा प्राणी लाखोंनी अंडी देतो. अंडी काचेसारखी पारदर्शक असतात, समुद्राच्या पाण्याच्या भांड्यात शुक्राणू मिसळले की फळतात आणि दोन-तीन दिवसांत त्यांतून चुन्याच्या नाजूक काड्यांचा सांगाडा असलेली अळी तयार होते. भ्रूणाचा अभ्यास करणाऱ्याला याहून सोयीचा प्राणी क्वचितच मिळेल.

प्रश्न असा होता: आईबापांचे गुण पुढच्या पिढीत जातात ते कशामार्फत? अंड्याच्या केंद्रकामार्फत, की केंद्रकाभोवतीच्या पेशीद्रवामार्फत? हेर्टविग बंधूंनी दाखवले होते की सी-अर्चिनची अंडी नळीत घालून जोराने हलवली तर त्यांचे तुकडे होतात, आणि ज्या तुकड्यात केंद्रक नाही त्यातही शुक्राणू शिरू शकतो. बोव्हेरींनी यातून एक देखणा प्रयोग रचला. एका जातीच्या सी-अर्चिनची अंडी हलवून तोडायची आणि त्यांवर दुसऱ्या जातीचे शुक्राणू सोडायचे. दोन्ही जातींच्या अळ्यांचे सांगाडे स्पष्ट वेगळे. एक जाडजूड, जाळीदार काड्यांचा, दुसरा सडपातळ, साध्या काड्यांचा. केंद्रक नसलेल्या तुकड्यात पेशीद्रव आईचे आणि गुणसूत्रे फक्त बापाची. वाढलेली अळी आईसारखी दिसली तर पेशीद्रव जिंकले, बापासारखी दिसली तर केंद्रक.

भांड्यात काही बुटक्या अळ्या सापडल्या. त्यांच्या पेशींची केंद्रके लहान होती आणि सांगाडा हुबेहूब बापाच्या जातीचा. १८८९मध्ये बोव्हेरींनी निष्कर्ष छापला: आईचे एकही लक्षण नसलेला जीव जन्माला घालता येतो, म्हणजे आनुवंशिकता केंद्रकात असते. वय अवघे २७. निबंध गाजला. अमेरिकेतल्या थॉमस हंट मॉर्गन यांनी १८९३मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर केले.

निष्कर्ष मोठा होता, आणि आज आपण जाणतो की मूळ विचार बरोबरही होता. पण पुराव्यात एक भोक होते. वेगळ्या जातीच्या शुक्राणूंनी फार थोडी अंडी फळतात, म्हणून प्रयोग हजारो तुकड्यांच्या मिश्रणावर करावा लागला होता. त्या भांड्यात अख्खी अंडी होती, केंद्रक असलेले तुकडे होते आणि केंद्रक नसलेलेही. जी बुटकी अळी शेवटी हाती आली ती नेमक्या रिकाम्या तुकड्यातून आली, हे कोणी डोळ्यांनी पाहिले नव्हते. तिचा लहान आकार आणि तिची लहान केंद्रके यांवरून ते ताडले होते. पेशी कोणाची, याचाच दाखला अनुमानाचा होता.

आक्षेप लवकरच आले. ओस्वाल्ड झेलिगर यांनी १८९४मध्ये आणि खुद्द मॉर्गन यांनी १८९५मध्ये दाखवले की साध्या संकरित अळ्यांतही काही थेट बापासारख्या निघतात, आणि लहान केंद्रकेही त्यांच्यात सापडतात. म्हणजे ज्या दोन खुणांवर बोव्हेरींनी भिस्त ठेवली होती त्या दोन्ही डळमळीत. बोव्हेरींनी आपली बाजू मांडली, पण हा प्रयोग एकेका तुकड्यावर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत नजर ठेवून पुन्हा करायला हवा, हे त्यांना नाकारता आले नाही. ती गोष्ट पुढे वीस वर्षे त्यांच्या मनात राहिली.

दरम्यान बरेच काही घडले. १८९०च्या सुमारास त्यांना नैराश्याने गाठले. तेव्हा त्याला मज्जादौर्बल्य म्हणत आणि विश्रांतीपलीकडे फारसा उपाय नसे. त्यातून ते सावरले, पण तब्येतीचा हा धागा शेवटपर्यंत सुटला नाही. १८९३मध्ये व्युर्ट्सबर्ग विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले, आणि मरेपर्यंत ते तिथेच राहिले. तिथल्या भौतिकशास्त्र विभागात विल्हेल्म रॉन्टजेन होते. १८९५मध्ये क्ष-किरण सापडले ते याच गावात. दोघांची पुढे मैत्री जमली. १८९६मध्ये अमेरिकेहून मार्सेला ओ'ग्रेडी संशोधनासाठी व्युर्ट्सबर्गला आल्या. बॉस्टनच्या एमआयटीतून जीवशास्त्राची पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या महिला, आणि व्हॅसार कॉलेजात शिकवण्याचा अनुभव पाठीशी. जर्मन विद्यापीठांत तेव्हा स्त्रियांना सरसकट प्रवेशही नव्हता. पुढच्याच वर्षी दोघांचे लग्न झाले. त्यानंतरच्या नेपल्सच्या प्रयोगांत मार्सेला यांचा हात आहे, जरी निबंधांवर बहुधा एकच नाव छापले गेले.

भ्रूणाच्या अभ्यासात तेव्हा आणखी एक धडा गाजत होता. विल्हेल्म रू यांनी १८८८मध्ये बेडकाच्या दोन पेशींच्या भ्रूणातली एक पेशी तापलेल्या सुईने मारली. उरलेलीतून अर्धाच भ्रूण वाढला. हान्स ड्रीश यांनी १८९१मध्ये सी-अर्चिनच्या दोन पेशी हलवून पूर्ण वेगळ्या केल्या. प्रत्येकीतून लहान पण अख्खी अळी वाढली. दोन्ही प्रयोग प्रामाणिक, आणि उत्तरे परस्परविरुद्ध. उलगडा नंतर झाला. रू यांनी मारलेली पेशी भ्रूणाला चिकटूनच राहिली होती, आणि शेजारी मेलेले अर्धे अंग असताना जिवंत अर्धे आपण अर्धेच आहोत असे वागत होते. मेलेली पेशी पूर्ण काढून टाकल्यावर बेडकातही अखंड भ्रूण वाढला.

बोव्हेरींचा सर्वांत भक्कम प्रयोग १९०२चा. सी-अर्चिनच्या अंड्यांवर गरजेपेक्षा जास्त शुक्राणू सोडले तर काही अंड्यांत दोन शिरतात. अशा अंड्यात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच येतात. बोव्हेरींच्या हिशोबात एका संचात १८, म्हणजे एकूण ५४. सेंट्रोसोम दोनऐवजी चार होतात, आणि अंडे पहिल्याच फटक्यात चार पेशींत फुटते. गुणसूत्रे चार दिशांना ओढली जातात, पण कोणते कुठे जाईल याला धरबंध नसतो. असे भ्रूण जवळजवळ सगळे मरतात. यापूर्वीही हे दिसले होते. का मरतात हे कोणी सांगितले नव्हते.

सोपे उत्तर असे की गुणसूत्रांची संख्या बिघडते म्हणून. बोव्हेरींनी ते मान्य केले नाही. दोन शुक्राणूंच्या अंड्यातल्या प्रत्येक पेशीला सरासरी २७ गुणसूत्रे मिळतात. पण एकाच संचावर, म्हणजे १८ गुणसूत्रांवर, वाढलेली अळी ठणठणीत असू शकते, हे ठाऊक होते. मग २७ मिळूनही पेशी का मरावी? त्यांनी कॅल्शियम नसलेल्या समुद्री पाण्यात भ्रूण ठेवून त्या चार पेशी सुट्या केल्या आणि प्रत्येकीला वेगळे वाढवले. साध्या भ्रूणाच्या चार सुट्या पेशींतून चार सारख्या लहान अळ्या वाढतात. इथे चारही वेगवेगळ्या तऱ्हेने वाढल्या आणि वेगवेगळ्या टप्प्यांवर थांबल्या. एकीला सांगाडा आला नाही, दुसरीचे आतडे बिघडले, तिसरी पेशींचा पोकळ गोळा होऊनच थांबली. अंडे एक, पाणी एक, पेशीद्रव एक. फरक फक्त वाट्याला आलेल्या गुणसूत्रांत. म्हणजे किती मिळाली यापेक्षा प्रत्येक प्रकारचे किमान एक मिळाले का, हा प्रश्न खरा. प्रत्येक गुणसूत्राचे काम निराळे आहे, हे यातून पहिल्यांदा सिद्ध झाले. अमेरिकेतले वॉल्टर सटन टोळांच्या बीजपेशींवरून त्याच सुमारास तिथेच पोहोचले, म्हणून आनुवंशिकतेचा गुणसूत्र सिद्धान्त दोघांच्या नावाने ओळखला जातो.

यातली तपासणी पाहण्यासारखी आहे. फळल्यावर लगेच अंडी हलवली तर एका शुक्राणूचा सेंट्रोसोम दुभंगत नाही आणि अंडे चारऐवजी तीन पेशींत विभागते. बोव्हेरींचे म्हणणे खरे असेल तर तीन वाटण्यांत प्रत्येकाला पूर्ण संच मिळण्याची शक्यता चार वाटण्यांपेक्षा बरीच जास्त. किती जास्त, हे काढायला त्यांनी आकडे घातलेले गोळे घेतले, गुणसूत्रांसारखे ते यदृच्छेने वाटले, आणि पूर्ण संच किती वेळा जमतो ते मोजले. मग शेकडो भ्रूण मोजले. तीन वाटण्यांच्या भ्रूणांतले थोडे का होईना नीट वाढत होते. चार वाटण्यांचे जवळपास नाहीच. दोन शुक्राणू शिरणे हेच विष असते तर दोन्ही सारखेच मेले असते. आज संगणकावर जे केले जाते ते त्यांनी लाकडी गोळ्यांवर केले, एवढाच फरक.

आजच्या वैद्यकाशी याचा संबंध थेट आहे. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात अंडे फळवल्यानंतर साधारण सतरा-अठरा तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि त्यात दोनऐवजी तीन केंद्रके दिसली तर ते वापरत नाहीत. सरकारी रुग्णालयांच्या प्रसूती विभागात दिसणारा अर्धवट द्राक्षगर्भ हा बहुतेक वेळा दोन शुक्राणू शिरलेल्या अंड्याचाच परिणाम असतो. आणि बोव्हेरींनी १९१४मध्ये एक छोटे पुस्तक लिहून मांडले की कर्करोगाची गाठ गुणसूत्रांची वाटणी बिघडलेल्या एकाच पेशीपासून सुरू होत असावी. वाढीला लगाम घालणारे काहीतरी गुणसूत्रांवर असावे आणि ते हरवत असावे. कर्करोगाच्या पेशी त्यांनी स्वतः फारशा पाहिल्या नव्हत्या. तरी रक्ताच्या एका कर्करोगात ठरावीक बिघडलेले गुणसूत्र सापडले १९६०मध्ये, आणि लगाम घालणारी जनुके त्यानंतर.

आता जे काम चालते त्यात गुणसूत्रे मोजून थांबत नाहीत. एकेका पेशीतली कोणती जनुके चालू आहेत हे तिच्यातल्या आरएनएवरून वाचतात. एका पेशीतला सगळा संदेशवाहक आरएनए वाचण्याची पद्धत २००९मध्ये केंब्रिजमध्ये अझीम सुरानी यांच्या गटाने प्रथम वापरली, तीही उंदराच्या भ्रूणातल्या पेशीवर. साधारण पेशीत एकूण आरएनए असतो १० ते ३० पिकोग्रॅम. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. तो वाचायचा तर आधी त्याच्या लाखो प्रती काढाव्या लागतात, आणि प्रती काढताना काही संदेश सुटतात, काही फुगतात. म्हणून कोणताही निष्कर्ष काढण्याआधी पेशी तपासून घ्यावी लागते. किती जनुके सापडली? मायटोकाँड्रियाचा आरएनए प्रमाणाबाहेर आहे का, म्हणजे पेशी फुटून बाकीचा वाहून गेला का? एका पेशीच्या जागी दोन चिकटलेल्या आल्या का? अंड्याभोवतीची आईची एखादी पेशी घुसली का? मुलग्याच्या भ्रूणात वाय गुणसूत्राची जनुके दिसायला हवीत. ती एखाद्या पेशीत मुळीच नसतील तर ती पेशी संशयित.

प्रौढ शरीराच्या पेशींना लावलेल्या चाळण्या भ्रूणाला मात्र जशाच्या तशा लागू पडत नाहीत. भ्रूणाच्या पहिल्या पेशी आकाराने अवाढव्य, आणि दर विभाजनाला अर्ध्या होत जातात. त्यामुळे एकीत आरएनए कमी दिसला तर ती आजारी की फक्त एक टप्पा पुढची, हे आकड्यावरून कळत नाही. शिवाय सुरुवातीचा बहुतेक आरएनए भ्रूणाचा नसतोच. आईने अंड्यात भरून ठेवलेली ती शिदोरी असते. माणसात भ्रूणाची स्वतःची जनुके ठळकपणे जागी होतात ती चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर. त्याआधी मृत्यूपंथाला लागलेला भ्रूणही शिदोरीच्या जोरावर निरोगी दिसू शकतो.

स्टॉकहोमच्या करोलिन्स्का संस्थेतल्या गटाने २०१६मध्ये ८८ मानवी भ्रूणांतल्या १,५२९ पेशींची अशी नोंद प्रसिद्ध केली. जगभरच्या प्रयोगशाळा अजून तिच्यावर विसंबून आहेत, आणि अजून तिची फेरतपासणीही चालू आहे. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फेरतपासणीत अशा जुन्या नोंदींतल्या पेशींचा एक गट वेगळा दिसला: डीएनएला इजा झालेला, आत्मनाशाची जनुके चालू असलेला, भ्रूणाच्या कोणत्याच पुढच्या भागात न बसणारा. साध्या चाळणीने या पेशी खराब नमुना म्हणून गळल्या असत्या. संशोधकांचे म्हणणे असे की भ्रूण स्वतःच बिघडलेल्या पेशी वगळतो, त्या या. पेशी सुट्या करताना झालेली इजा आणि भ्रूणाने केलेली निवड यांत फरक करणे सोपे नाही, आणि त्याची किंमत खरी आहे. भ्रूणाच्या काही पेशी काढून गुणसूत्रे तपासण्याची सोय आता पुण्या-मुंबईतल्या वंध्यत्व केंद्रांतही मिळते. काही पेशी बिघडलेल्या आणि काही चांगल्या असलेले भ्रूण गर्भाशयात सोडल्यावर निरोगी बाळे जन्मल्याचे २०१५पासून नोंदले गेले आहे. एका चुकीच्या शेऱ्याने एखाद्या जोडप्याचा शेवटचा भ्रूण फेकला जाऊ शकतो.

बोव्हेरींकडे असली यंत्रे नव्हती. पेशीची ओळख पटवायला त्यांनी १९०५मध्ये एक मोजपट्टी मात्र तयार केली होती: सी-अर्चिनच्या अळीत केंद्रकाच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ गुणसूत्रांच्या संख्येच्या प्रमाणात असते. केंद्रक मोजले की आत संच एक, दोन की अधिक, याचा अंदाज येतो. ही मोजपट्टी घेऊन ते आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत १८८९च्या प्रयोगाकडे परत वळले.

वेळ सवडीची नव्हती. बर्लिनला नवी कैसर विल्हेल्म जीवशास्त्र संस्था उभी राहत होती आणि तिचे संचालकपद त्यांना देऊ केले होते. त्यांनी आराखडा आखला, कोणाला घ्यायचे ते सुचवले. त्यांचे विद्यार्थी हान्स श्पेमान, पुढे १९३५चे नोबेल मिळवणारे, त्यांतलेच एक. मग १९१३मध्ये तब्येतीमुळे स्वतः नकार कळवला. त्यांना वेळ द्यायचा होता तो नेपल्सला.

तिथे त्यांना जे सापडले ते त्यांच्या स्वतःच्या विरुद्ध जाणारे होते. अंडी जोराने हलवली की काहींत केंद्रकाचे आवरण फुटते. आतली गुणसूत्रे नष्ट होत नाहीत. पण जिवंत अंड्यात केंद्रकाचा गोल दिसेनासा होतो. अशा अंड्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली रिकामा दिसतो, आणि नसतो. त्यात आईची गुणसूत्रे असतात. काही भ्रूणांत तर ती काहीच पेशींच्या वाट्याला आलेली असतात, आणि एकाच अळीच्या शरीरात दोन तऱ्हेच्या पेशी नांदतात. ज्या तुकड्यांना २५ वर्षांपूर्वी त्यांनी आणि त्यांच्यामागून इतरांनी केंद्रकहीन मानले होते, त्यांतल्या कशाचीच खात्री आता देता येत नव्हती.

मग जे तुकडे खरोखर रिकामे होते त्यांचे काय झाले? परक्या जातीच्या शुक्राणूने फळलेले हे तुकडे विभागले, पेशींचा पोकळ गोळा झाला, तोपर्यंत सगळे ठाकठीक. पुढे आतडे तयार व्हायच्या टप्प्याच्या आसपास ते थांबले आणि मेले. सांगाडा त्यांतल्या एकालाही आला नाही. म्हणजे १८८९मधल्या त्या बापासारख्या सांगाड्याच्या बुटक्या अळ्या रिकाम्या तुकड्यांतून आलेल्या असूच शकत नव्हत्या. आईच्या पेशीद्रवातली शिदोरी पोकळ गोळ्यापर्यंत पुरत होती. त्यापुढे परकी गुणसूत्रे आणि हे पेशीद्रव यांचे जमत नव्हते. केंद्रक एकटेच सर्व काही ठरवते, हा तरुणपणीचा निष्कर्ष त्यांना त्या रूपात सोडावा लागला. वाढीला दोन्ही लागतात आणि दोन्ही एकमेकांना जुळावी लागतात.

१९१४च्या उन्हाळ्यात युद्ध सुरू झाले. बोव्हेरी खंगत गेले. अंथरुणाला खिळलेले असताना हे लिखाण चालू होते आणि १५ ऑक्टोबर १९१५ रोजी, ५३वा वाढदिवस होऊन तीनच दिवस झाले असताना, व्युर्ट्सबर्गला त्यांचा मृत्यू झाला. मुलगी मार्ग्रेट तेव्हा पंधरा वर्षांची होती. ती पुढे जर्मनीतली नामवंत पत्रकार झाली. मार्सेला कालांतराने अमेरिकेला परतल्या, न्यू हेवनच्या एका नव्या महिला महाविद्यालयात त्यांनी विज्ञान विभाग उभा केला, आणि कर्करोगावरच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर १९२९मध्ये प्रसिद्ध केले.

रिकाम्या तुकड्यांवरचा निबंध बोव्हेरींच्या मृत्यूनंतर, १९१८मध्ये छापला गेला. त्याच्या शीर्षकाची सुरुवातच या प्रयोगांतल्या चुकांच्या उगमांपासून होते. १८८९चा मूळ निबंध चार वर्षांत इंग्रजीत आला होता. ही दुरुस्ती आली ती महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी, जर्मन भाषेत, पन्नासहून अधिक पानांची.